शोधपानावरची पहिली ओळ कोणाची?

नवी दिल्ली : घर बदलण्याच्या तयारीत असलेला एखादा ग्राहक सामान वाहून नेणाऱ्या परिचित कंपनीचे नाव मोबाइलवर टंकतो. क्षणार्धात पान उघडते. परंतु त्यावर सर्वांत वर दिसणारी कंपनी तीच असेल, असे नाही. त्या नावासाठी एखाद्या प्रतिस्पर्ध्याने पैसे मोजलेले असू शकतात. ग्राहक पहिल्याच ओळीवर बोट ठेवतो आणि आपण हव्या त्या दारात पोहोचलो, असे समजतो. ‘अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्स’ या नावाने व्यवसाय करणारी डीआरएस लॉजिस्टिक्स ही कंपनी नेमकी हीच तक्रार घेऊन गूगलविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. त्यावर दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने १० ऑगस्ट २०२३ रोजी दिलेला निर्णय भारतातील ऑनलाइन जाहिरातीच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

हा वाद दोन कंपन्यांपुरता मर्यादित नाही. मालाची तुलना, रुग्णालयाची निवड, विम्याची चौकशी, शिकवणीचा शोध, प्रवासाचे आरक्षण अशा असंख्य निर्णयांची सुरुवात आज शोधयंत्रावर किंवा एखाद्या परीक्षणाखालच्या लिंकवर होते. या दोन्ही वाटांवर जाहिरातीचा पैसा फिरतो. पहिल्या वाटेवर तो शोधपानावरील जागेसाठी दिला जातो. दुसऱ्या वाटेवर ग्राहक आणून देणाऱ्यास दलालीच्या रूपाने मिळतो. दुसऱ्या पद्धतीस संलग्न विपणन किंवा ‘अ‍ॅफिलिएट मार्केटिंग’ म्हणतात. दोन्ही व्यवसाय कायदेशीर आहेत आणि असंख्य लहान उद्योगांना त्यांनी बाजारपेठ मिळवून दिली आहे. मात्र त्यांच्या सचोटीच्या दोन कसोट्या आहेत. शिफारशीमागे पैसा आहे हे ग्राहकाला स्पष्ट दिसते का, ही पहिली. ज्या कामासाठी पैसा दिला गेला ते काम खरोखर झाले आहे का, ही दुसरी.

क्षणात होणारा लिलाव

शोधयंत्रावर शब्द टंकल्यावर दोन स्वतंत्र प्रक्रिया घडतात. एकीत यंत्रणा आपल्या नोंदींतून त्या शब्दांशी सुसंगत संकेतस्थळे निवडते. यास नैसर्गिक निकाल म्हणतात आणि त्यातील स्थान पैसे देऊन विकत घेता येत नाही. दुसरीत त्या शब्दांवर बोली लावलेल्या जाहिरातदारांचा लिलाव होतो. ज्या शब्दांवर बोली लागते त्यांना ‘कीवर्ड’ म्हणतात. जाहिरात नुसती दिसली म्हणून सहसा आकार पडत नाही. ग्राहकाने तिच्यावर क्लिक केल्यावरच जाहिरातदाराच्या खात्यातून रक्कम वजा होते.

लिलाव केवळ सर्वाधिक रकमेवर ठरत नाही. बोलीबरोबर जाहिरातीचा दर्जाही मोजला जातो. जाहिरात शोधलेल्या शब्दांशी किती सुसंगत आहे, लोक तिच्यावर क्लिक करण्याची शक्यता किती आहे, क्लिकनंतर उघडणारे पान उपयुक्त आहे का, हे त्यात पाहिले जाते. समजा, एका जाहिरातदाराने प्रत्येक क्लिकसाठी ४० रुपयांची बोली लावली आणि त्याचा दर्जा ४ गुणांचा ठरला. दुसऱ्याची बोली २५ रुपयांची, पण दर्जा ८ गुणांचा ठरला. साध्या गुणाकाराने पहिल्याचे १६० आणि दुसऱ्याचे २०० होतात. कमी बोली लावूनही दुसरा वर जातो. शिवाय त्याला पूर्ण २५ रुपये द्यावे लागत नाहीत. खालच्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा वर राहण्यास पुरेल इतकी, म्हणजे २० रुपयांहून किंचित अधिक रक्कम पुरते. प्रत्यक्षातील गणित याहून गुंतागुंतीचे असले, तरी तत्त्व हेच आहे.

या रचनेत एक चांगली गोष्ट आहे. निरर्थक जाहिरात केवळ पैशाच्या बळावर वर राहू शकत नाही. परंतु दर्जाचे गुण शोधयंत्रच देते, लिलावही तेच चालवते आणि उत्पन्नही त्याच्याच तिजोरीत जाते. परीक्षक, लिलावदार आणि लाभार्थी एकच असल्याने पारदर्शकतेचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

दिसणारा पैसा दिसेनासा झाला

क्लिकनुसार पैसे घेण्याची लिलाव-पद्धत गूगलने शोधलेली नाही. अमेरिकेतील बिल ग्रॉस यांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या ‘गोटू’ या शोधसेवेने ती प्रथम यशस्वी करून दाखवली. पुढे या कंपनीचे नाव ‘ओव्हरचर’ झाले आणि २००३ मध्ये ‘याहू’ने ती विकत घेतली. गोटूच्या पानावर प्रत्येक निकालाशेजारी जाहिरातदाराने त्या क्लिकसाठी किती रक्कम देऊ केली आहे, हे छापलेले असे. निकाल विकलेले असल्याबद्दल या सेवेवर टीका झाली; पण कोणी किती मोजले, हे निदान ग्राहकाच्या डोळ्यांसमोर होते.

१९९८ मध्येच गूगलचे संस्थापक सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज यांनी आपल्या शोधयंत्राविषयी लिहिलेल्या शोधनिबंधात एक इशारा दिला होता. जाहिरातींवर जगणारी शोधयंत्रे स्वभावतःच जाहिरातदाराकडे झुकतील आणि ग्राहकाच्या गरजेपासून दूर जातील, असा त्याचा आशय होता. ऑक्टोबर २००० मध्ये गूगलने ‘अ‍ॅडवर्ड्स’ ही जाहिरात सेवा सुरू केली आणि २००२ मध्ये क्लिकनुसार लिलावाची पद्धत स्वीकारली. आज ‘गूगल अ‍ॅड्स’ या नावाने ओळखली जाणारी हीच सेवा कंपनीच्या उत्पन्नाचा मुख्य आधार आहे.

जाहिरात आणि नैसर्गिक निकाल यांतील सीमारेषा मात्र पानावर हळूहळू फिकट होत गेली. आरंभी जाहिरातींच्या मागे रंगीत पट्टा असे. २०१३ मध्ये त्याची जागा पिवळ्या चौकोनातील लहान शब्दाने घेतली. २०१६ मध्ये पिवळ्याचा हिरवा झाला. जानेवारी २०२० मध्ये संगणकावर काळ्या अक्षरांतील खूण आणली गेली, तेव्हा जाहिरात ओळखूच येत नाही अशी टीका झाली आणि कंपनीने रचनेत फेरबदल करण्याचे जाहीर केले. २०२२ पासून जाहिरातीवर ‘स्पॉन्सर्ड’, म्हणजे प्रायोजित, असा शब्द येऊ लागला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००२ मध्ये आणि पुन्हा जून २०१३ मध्ये शोधयंत्र कंपन्यांना पत्रे पाठवून जाहिरात व नैसर्गिक निकाल यांतील भेद स्पष्ट ठेवण्यास बजावले होते. पट्टी किती रुंद आणि अक्षर किती ठळक, हा केवळ सजावटीचा भाग नव्हे. त्यावरच ग्राहकाचे बोट कोठे पडणार, हे ठरते.

दुसऱ्याच्या नावावर बोली

कीवर्ड म्हणून ‘स्वस्त बूट’ यासारख्या सामान्य शब्दांवर बोली लावण्यास कोणाची हरकत नसते. वाद सुरू होतो तो प्रतिस्पर्ध्याच्या नोंदणीकृत नावावर बोली लागल्यावर. गूगलच्या धोरणानुसार दुसऱ्याचे व्यापारचिन्ह कीवर्ड म्हणून वापरण्यास मज्जाव नाही. तक्रार आल्यास जाहिरातीच्या मजकुरातील वापरावर मात्र मर्यादा घालता येते. परिणामी आपल्याच नावाच्या शोधात आपले संकेतस्थळ वर राहावे, यासाठी अनेक कंपन्यांना स्वतःच्या नावावर बोली लावावी लागते. कमावलेल्या लौकिकासाठी पुन्हा पैसे मोजावे लागतात, ही उद्योगांची जुनी तक्रार आहे.

भारतात या प्रश्नाची पहिली मोठी न्यायालयीन चर्चा विवाह जुळवणाऱ्या संकेतस्थळांच्या निमित्ताने झाली. ‘भारत मॅट्रिमनी’ चालवणाऱ्या कन्सिम इन्फो या कंपनीने गूगल आणि प्रतिस्पर्धी संकेतस्थळांविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली. २०१० मध्ये एकल न्यायमूर्तींनी अंतरिम मनाई हुकूम नाकारला. ‘मॅट्रिमनी’ हा व्यवसायाचे वर्णन करणारा सामान्य शब्द असल्याने त्यावर एकाच कंपनीची मक्तेदारी मान्य करण्यातील अडचण त्या प्रकरणात पुढे आली.

डीआरएस लॉजिस्टिक्सच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने अधिक खोलात जाऊन दोन्ही बाजूंचा विचार केला. व्यापारचिन्ह कीवर्ड म्हणून वापरणे हा व्यापारचिन्ह कायदा, १९९९ नुसार जाहिरातीतील ‘वापर’च ठरतो, तो ग्राहकाला दिसत नसला तरीही, असे खंडपीठाने म्हटले. गूगल हे केवळ निष्क्रिय मध्यस्थ नसून जाहिरात व्यवहारातील सक्रिय सहभागी आहे. म्हणून व्यापारचिन्हाचे उल्लंघन झाल्याचे सिद्ध झाल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्यातील मध्यस्थांसाठीच्या संरक्षणाची ढाल कंपनीला आपोआप मिळणार नाही, असेही स्पष्ट करण्यात आले. ग्राहकाच्या मनात निर्माण झालेला संभ्रम किती वेळ टिकला पाहिजे, हे कायदा सांगत नाही. त्यामुळे खरेदीपूर्वी तो दूर झाला तरी उल्लंघनाचा प्रश्न संपत नाही, हा या निर्णयातील महत्त्वाचा मुद्दा होय.

त्याचबरोबर दुसऱ्याचे नाव कीवर्ड म्हणून वापरले एवढ्यानेच उल्लंघन होत नाही, हेही न्यायालयाने सांगितले. एखादे नाव टंकणारा प्रत्येक जण त्याच कंपनीच्या शोधात असतो, असे गृहीत धरता येत नाही; त्याला माहिती, परीक्षणे किंवा पर्यायही हवे असू शकतात. संभ्रम, फसवणूक किंवा दुसऱ्याच्या लौकिकाचा गैरफायदा आढळल्यासच कायद्याचा हात पोहोचतो. डिसेंबर २०२३ मध्ये मेकमायट्रिप आणि बुकिंग डॉट कॉम यांच्यातील वादात याच तत्त्वावर निकाल लागला. बुकिंग डॉट कॉम स्वतःच सुपरिचित असल्याने तिची जाहिरात पाहून ग्राहक ती मेकमायट्रिपची समजणार नाही, असे मानून खंडपीठाने पूर्वीचा अंतरिम मनाई हुकूम रद्द केला. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने मार्च २०१० मध्ये लुई व्हितॉन विरुद्ध गूगल प्रकरणात वेगळी वाट धरली होती. कीवर्ड विकणारे शोधयंत्र स्वतः व्यापारचिन्हाचा ‘वापर’ करत नाही. पण जाहिरात कोणाची आहे हे सामान्य ग्राहकाला समजत नसेल किंवा मोठ्या कष्टाने समजत असेल, तर जाहिरातदार जबाबदार धरला जाईल, असा तो निर्णय होता. गूगलच्या भूमिकेविषयी दोन न्यायालयांचे मत वेगळे असले, तरी ग्राहकाविषयीची कसोटी सारखीच आहे. जाहिरात पाहणाऱ्याला ती कोणाची आहे, हे कळले पाहिजे.

शेवटच्या क्लिकची दलाली

संलग्न विपणनाची रचना वरवर पाहता अडत्याच्या व्यवसायासारखी आहे. ॲमेझॉनने १९९६ मध्ये ‘असोसिएट्स’ ही योजना सुरू केल्यावर ती जगभर रुजली. संकेतस्थळ चालवणारा, यूट्यूबवर चित्रफिती करणारा किंवा टेलिग्रामवर सवलतींची माहिती देणारा कोणीही दुकानाकडून स्वतःची खूण असलेली लिंक घेतो. ग्राहकाने त्या लिंकवरून जाऊन खरेदी केली की विक्रीचा ठरलेला हिस्सा त्याला मिळतो. ग्राहकाला सहसा जादा रक्कम द्यावी लागत नाही.

ग्राहक कोणी आणला, याची नोंद ‘कुकी’ नावाची लहानशी फाइल ठेवते. क्लिक करताच ती ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये साठवली जाते. तिची मुदत दुकानागणिक बदलते. ॲमेझॉनच्या योजनेत ती सामान्यतः २४ तासांची असते. एका ग्राहकाने अनेक लिंकवरून भेट दिली असेल, तर बहुतांश योजनांत शेवटच्या क्लिकला श्रेय मिळते. व्यवहार सुटसुटीत व्हावा म्हणून स्वीकारलेला हा नियमच गैरप्रकारांचे मूळ ठरला आहे. मालाचा आठवडाभर अभ्यास करून सविस्तर परीक्षण लिहिणारा एक जण आणि खरेदीच्या शेवटच्या क्षणी मध्ये डोकावणारा दुसरा, यांत दलाली दुसऱ्याच्या हाती जाते.

न आणलेल्या ग्राहकाचा मोबदला

याचा सर्वांत उघड प्रकार म्हणजे कुकीची चोरटी पेरणी. ग्राहकाने कोणत्याही लिंकवर क्लिक केलेले नसताना एखाद्या पानातील अदृश्य भागातून दुकानाची कुकी त्याच्या ब्राउझरमध्ये सोडली जाते. पुढे तो ग्राहक स्वतःहून त्या दुकानात गेला, तरी दलाली पेरणी करणाऱ्याला मिळते. अमेरिकेत ‘ईबे’ या कंपनीच्या सर्वाधिक कमाई करणाऱ्या दोन संलग्न भागीदारांनी याच मार्गाने कोट्यवधी डॉलर मिळवल्याचे उघड झाले. दोघांनीही गुन्हा कबूल केला आणि २०१४ मध्ये त्यांना कारावासाची शिक्षा झाली. हा केवळ कराराचा भंग नसून फौजदारी फसवणूक आहे, हे त्या खटल्याने प्रस्थापित केले.

दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे आणि तेथे शोध-जाहिरात व संलग्न विपणन एकमेकांत मिसळतात. एखादा संलग्न भागीदार दुकानाच्याच नावावर बोली लावतो. दुकानात जाण्यासाठी निघालेला ग्राहक नाव टंकतो, वरच्या जाहिरातीवर क्लिक करतो आणि भागीदाराच्या लिंकमार्गे त्याच दुकानात पोहोचतो. दुकानाला नवा ग्राहक मिळालेला नसतो. दारात आलेल्याच माणसाची दलाली मोजावी लागते. म्हणूनच ॲमेझॉनसह अनेक कंपन्यांचे करार भागीदारांना कंपनीच्या नावावर बोली लावण्यास मनाई करतात. तरीही काही जण रात्रीच्या वेळी किंवा कंपनीचे कार्यालय नसलेल्या शहरांपुरत्या जाहिराती दाखवून देखरेख चुकवतात.

दारात आलेल्या ग्राहकासाठी जाहिरात करणे किती व्यर्थ असू शकते, हे ईबेच्याच एका प्रयोगाने दाखवले. २०१२ मध्ये कंपनीने काही शोधयंत्रांवर स्वतःच्या नावाच्या जाहिराती थांबवल्या. थॉमस ब्लेक, ख्रिस नोस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. जाहिरात बंद झाल्यावर तिच्यावर क्लिक करणारे जवळपास सर्वच लोक खालच्या नैसर्गिक निकालावरून ईबेवर पोहोचल्याचे त्यांना आढळले. २०१५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ईबेसारख्या सर्वपरिचित नावाला लागू पडलेला निष्कर्ष नवख्या उद्योगाला जसाच्या तसा लागू होत नाही. पण अहवालातील क्लिकची संख्या म्हणजे जाहिरातीने आणलेला ग्राहक नव्हे, हा धडा सर्वांसाठी आहे.

तिसरा प्रकार ब्राउझरला जोडल्या जाणाऱ्या कूपन-साधनांचा. ‘पेपाल’ने २०२० मध्ये सुमारे ४ अब्ज डॉलरना विकत घेतलेल्या ‘हनी’ या साधनावर डिसेंबर २०२४ मध्ये गंभीर आरोप झाले. खरेदीच्या शेवटच्या टप्प्यावर ते मूळ शिफारसकर्त्याची खूण पुसून स्वतःची लावते, असे आरोपांचे स्वरूप होते. चित्रफिती तयार करणाऱ्यांनी अमेरिकेतील न्यायालयात दावे दाखल केले. पेपालने आरोप नाकारले आणि शेवटच्या क्लिकला श्रेय देण्यासह उद्योगातील प्रचलित नियमच पाळल्याचे सांगितले. मार्च २०२५ मध्ये गूगलने आपल्या ब्राउझरसाठीच्या नियमांत बदल केला. ग्राहकाला थेट आणि स्पष्ट लाभ मिळत नसेल, तर अशा साधनांना दलालीची खूण लावता येणार नाही, असे त्यात नमूद आहे. ‘प्रचलित नियम’ आणि ‘न्याय्य नियम’ यांतील अंतर या प्रकरणाने समोर आणले.

उसना लौकिक

या सर्व प्रकारांत दुकानदार किंवा अन्य भागीदार नाडला जातो. ग्राहकाची थेट दिशाभूल होते ती परीक्षणांच्या नावाखाली. ‘सर्वोत्तम दहा’ अशा याद्यांमधील क्रम मालाच्या दर्जावर ठरावा, अशी वाचकाची अपेक्षा असते. लिहिणाऱ्याचे उत्पन्न दलालीवर अवलंबून असेल, तर अधिक दलाली देणारा माल वर नेण्याचा मोह स्वाभाविक आहे. दलाली न देणारा उत्तम माल तर यादीतच येत नाही आणि तो आलेला नाही, हे वाचकाला कळण्याचा मार्ग नसतो.

याच मालिकेत नामांकित वृत्त-संकेतस्थळांवरील कूपन विभागांचा प्रश्न येतो. वृत्तसंस्थेच्या नावावरील विश्वासामुळे तिची पाने शोधपानावर वर येतात. विभाग मात्र बाहेरची कंपनी चालवते आणि उत्पन्न वाटून घेतले जाते. मार्च २०२४ मध्ये गूगलने दुसऱ्याच्या लौकिकाचा असा वापर आपल्या धोरणाविरुद्ध असल्याचे जाहीर केले. त्याआधी, २०१९ मध्ये, पैसे घेऊन दिलेल्या लिंकला यंत्राला वाचता येईल अशी ‘प्रायोजित’ खूण लावण्याची सोय करण्यात आली होती. ही खूण शोधयंत्राला कळते. वाचकाला ती दिसत नाही. वाचकासाठी साध्या शब्दांतील प्रकटीकरणाला पर्याय नाही.

भारतातील नियमांची चौकट

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा या चौकटीचा पाया आहे. त्यानुसार स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आणि त्यांतील शिफारशी रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. शिफारस करणारा आणि विक्रेता यांच्यातील ज्या संबंधाचा शिफारशीच्या विश्वासार्हतेवर परिणाम होऊ शकतो, तो उघड करणे बंधनकारक आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादक किंवा शिफारसकर्त्यास १० लाख रुपयांपर्यंत आणि पुढील प्रत्येक उल्लंघनास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिफारसकर्त्यास एक वर्षापर्यंत, पुन्हा तसे घडल्यास तीन वर्षांपर्यंत, शिफारशी करण्यास मनाई करण्याचा अधिकारही प्राधिकरणाला आहे.

जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवरील शिफारसकर्त्यांसाठी सोपी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. पैसे, भेटवस्तू, मोफत सहली, सवलती असा कोणताही लाभ उघड करावा. तो हॅशटॅगच्या किंवा लिंकच्या गर्दीत लपवू नये. आणि शिफारस ज्या भाषेत असेल त्याच भाषेत प्रकटीकरण करावे, असे त्यात म्हटले आहे. भाषेविषयीची ही अट मराठी वाचक आणि प्रेक्षकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. संपूर्ण परीक्षण मराठीत आणि पैसे घेतल्याची कबुली तेवढी वर्णनाच्या तळाशी इंग्रजीत, ही पद्धत मार्गदर्शिकेच्या हेतूशी विसंगत आहे. जाहिरात क्षेत्रातील स्वनियामक संस्था असलेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेनेही जून २०२१ पासून अशा मजकुरावर ठळक खूण लावण्याचे नियम लागू केले आहेत.

३० नोव्हेंबर २०२३ रोजी प्राधिकरणाने ग्राहकाला चकवणाऱ्या १३ प्रकारच्या रचनांची यादी अधिसूचित केली. बातमी किंवा वापरकर्त्याने लिहिलेला मजकूर भासवून केलेली छुपी जाहिरात हा त्यांपैकी एक प्रकार आहे. वित्तीय क्षेत्रात भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ, म्हणजे सेबीने, ऑगस्ट २०२४ मध्ये नियम अधिक कडक केले. नोंदणी नसताना गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्या किंवा परताव्याचे दावे करणाऱ्यांशी नोंदणीकृत दलाल आणि अन्य संस्थांना पैशांचा किंवा ग्राहक पाठवण्याचा संबंध ठेवता येत नाही. समभागांच्या ‘टिप्स’ देत डिमॅट खात्याच्या लिंकवर दलाली मिळवण्याच्या पद्धतीला यामुळे आळा बसणे अपेक्षित आहे.

शोधयंत्राच्या निःपक्षपातीपणाचा प्रश्न भारतीय स्पर्धा आयोगासमोरही आला होता. मॅट्रिमनी डॉट कॉम आणि कट्स या संस्थेच्या तक्रारींवरून आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये शोधनिकालांतील पक्षपाताबद्दल गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कीवर्डच्या लिलावात मात्र आयोगाला स्पर्धा कायद्याचे उल्लंघन आढळले नाही.

नियमांपलीकडचा धोका

या व्यवहाराची सर्वांत काळी बाजू म्हणजे थेट फसवणूक. बँक, विमान कंपनी किंवा कुरिअर सेवेचा ग्राहक सेवा क्रमांक शोधणाऱ्या व्यक्तीसमोर बनावट क्रमांक ठेवला जातो. तक्रार करण्यासाठी घाईत असलेला ग्राहक दूरध्वनी करतो आणि समोरची व्यक्ती त्याच्याकडून ओटीपी मिळवते किंवा मोबाइलचा ताबा देणारे ॲप उतरवून घेण्यास सांगते. येथे प्रायोजित जागा आणि खोटा मजकूर टाकलेली सामान्य पाने, दोन्हींचा वापर होतो. जाहिरातदाराची ओळख पडताळण्याची सोय आणि कोणाच्याही जाहिराती पाहता येतील असे ‘जाहिरात पारदर्शकता केंद्र’ गूगलने सुरू केले आहे. पडताळणीने जाहिरातदाराचे नाव कळते. त्याच्या हेतूची हमी मिळत नाही.

म्हणून काही साध्या सवयी उपयोगी ठरतात. निकालाच्या वर ‘प्रायोजित’ किंवा ‘स्पॉन्सर्ड’ असा शब्द आहे का, हे प्रथम पाहावे. जाहिरातीशेजारच्या तीन टिंबांवर क्लिक केल्यास ती कोणी दिली, हे समजते. पैशांच्या व्यवहारासाठी शोधपानावरील क्रमांक न वापरता कार्डच्या मागील बाजूस, पासबुकावर किंवा कंपनीच्या अधिकृत ॲपमध्ये दिलेला क्रमांकच वापरावा. परीक्षण वाचताना लेखकाने दोष सांगितले आहेत का आणि लिंकमधून होणारी कमाई मान्य केली आहे का, हे पाहावे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे; रक्कम पुढे वळवली जाण्यापूर्वी गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

प्रामाणिक परीक्षकाला प्रकटीकरणाची भीती वाटण्याचे कारण नाही. या लिंकवरून खरेदी झाल्यास लेखकाला मोबदला मिळतो, असे एक वाक्य मजकुराच्या आरंभी लिहिल्याने सल्ल्याचे मूल्य घटत नाही. त्याची पारख करण्याचे साधन वाचकाच्या हाती येते. बाजारात अडत्या असतो आणि त्याची अडतही असते, हे शेतकऱ्यापासून किराणा दुकानदारापर्यंत सर्वांना ठाऊक असते. अडत उघडपणे ठरते, म्हणून त्या व्यवहारात भाव करता येतो. शोधपानावर उभा असलेला अडत्या मात्र अनेकदा मित्राच्या, तज्ज्ञाच्या किंवा निःपक्षपाती यंत्राच्या वेशात भेटतो. त्याने व्यवसाय सोडावा, अशी अपेक्षा कायदाही करत नाही. आपण अडत्या आहोत हे त्याने ग्राहकाला त्याच्या भाषेत आणि व्यवहारापूर्वी सांगावे, एवढीच अपेक्षा आहे.